दरडीतली माणसं

थंडी पडली की केडगावच्या पुढे, पुणे रस्त्याच्या कडेने, हुरड्याच्या पाट्या लागतात. यंदा पाट्यांच्या जागी कमान होती. कमानीवर हात जोडलेले सात-आठ पुढारी, आणि त्यांच्या पायाशी, जागा उरली होती तेवढ्यात, जोंधळ्याचं एक कणीस. भाचीने आग्रहाने नेलं. माझ्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची आणवली, कारण हाडांच्या डॉक्टरांनी मला बजावलंय, "आजी, यापुढे उकिडवं बसायचं नाही." मी आजूबाजूला पाहिलं तर सगळेच खुर्च्यांवर बसून, कागदी बशीत, चमच्याने हुरडा खात होते. त्यांचे गुडघे चांगले होते. उकिडवं बसायची त्यांना कुणी बंदी केली नव्हती, सवयच राहिली नव्हती.

मी चमचा खाली ठेवला. उकिडवं बसल्याने माणसाच्या नडगीवर काय उमटतं, हे मला दुसऱ्याच एका हाडांच्या डॉक्टरांनी शिकवलं होतं. त्या डॉक्टरांच्या हातून कुणी बरं झालं नाही. त्यांच्याकडे येणारे सगळेच हजारो वर्षांपूर्वी गेलेले असत.

बेचाळीसच्या गडबडीनंतरचा हिवाळा होता, किंवा त्याच्या पुढचा. रॉकेल परमिटवर मिळत होतं आणि साखर आठवणीत. प्रवरेच्या काठी एका गावात मी मिशनच्या शाळेत शिकवत होते. जोंधळा माणसाच्या डोक्यावर गेला की शाळेची हजेरी कमरेपर्यंत खाली येई. मुलं पाखरं राखायला माळ्यावर चढायची आणि तिथून मलाच हाका मारायची, "बाई, हुरडा खायला या!" मी जायचे. शिक्षणखात्याच्या नियमांत याला काय म्हणतात ते मी कधी पाहिलं नाही.

गावाच्या उत्तरेला नदीची उंच दरड होती आणि दरडीवर कोंडिबाचं रान. त्या रानाचा एक तुकडा काळा नव्हता, राखाडी पांढरट होता. त्याला सगळे पांढरी म्हणत. जुन्या, मोडलेल्या वस्तीची माती. आमच्याकडची घरं धाब्याची. दर पावसाळ्याआधी धाब्यावर मातीचा थर द्यावा लागे, आणि त्याला पांढरीची माती सगळ्यांत चांगली, कारण तिच्यातून पाणी गळत नाही. त्यामुळे गाव पिढ्यान्‌पिढ्या ती दरड खोदून डोक्यावर नेत होतं. मातीबरोबर खापरं येत, शिंपले येत, मधूनच एखादं हाडही येई. हाड बाजूला टाकायचं, हात धुवायचा, माती न्यायची. आमच्याही धाब्यात कुणाची तरी करंगळी असणार.

त्या पावसाळ्यात नदीला मोठा पूर आला. दरडीचा एक भला थोरला तुकडा कोसळला, काठावरची जुनी बाभळ वाहून गेली, आणि दरडीच्या उघड्या पोटात माणसं दिसायला लागली. उताणी निजलेली, हात बाजूला. शिवाय मोठमोठे रांजण, दोन-दोन, तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले.

डॉक्टर पुण्याहून आले ते दोन बैलगाड्या घेऊन. एका गाडीत पेट्या, दुसरीत स्वतः ते, घडीची खुर्ची आणि सोला हॅट. पाटलांनी सत्कार केला. उत्तरादाखल डॉक्टर बराच वेळ बोलले; त्यातलं "शास्त्राच्या दृष्टीने" एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं, कारण ते प्रत्येक वाक्यात होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या राहुटीसमोर एक निखळलेला खांदा, एक लचकलेला घोटा आणि बाजेवर घातलेली एक म्हातारी असे तीन रोगी हजर होते. "मी त्यातला डॉक्टर नव्हे हो!" डॉक्टर सांगत होते. म्हातारीचा मुलगा म्हणाला, "आसं कसं? हाडाचंच हायेत न्हवं तुमी? मग ही काय बांबूची हाय व्हय?"

पण गावाला खरी चिंता वेगळीच होती. ही माणसं कुणाची? गावात याचा निवाडा सोपा होता. गावकरी म्हणत, जाळतात ते आपले. लिंगायत बसवून पुरतात, मुसलमान कुशीवर निजवतात. उताणं, सरळ, लाकडात ठेवल्यासारखं निजवून पुरतात ते फक्त ख्रिस्ती. तेव्हा दरडीतली माणसं उघडउघड ख्रिस्ती होती, आणि ती निस्तरायची जबाबदारी ख्रिस्ती वाडीची.

पाटलांनी आमच्या ख्रिस्ती मंडळीचे वडील, म्हणजे प्रमुख, योहानकाका यांना बोलावून तसं सांगितलं. योहानकाका कोट घालून, बायबल घेऊन दरडीवर आले. मी त्यांना म्हटलं, "काका, ही माणसं येशू ख्रिस्ताच्याही आधीची आहेत."

काकांनी टोपी काढली. "आधीची असूद्यात," ते म्हणाले. "उठायची तर सगळ्यांनी एकाच दिवशी हाय." आणि त्यांनी छोटीशी प्रार्थना केली. डॉक्टरांनी हॅट काढावी की नाही याचा विचार करेपर्यंत ती संपलीही.

माझं अक्षर चांगलं म्हणून शाळा सुटल्यावर आकडे लिहून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. कोंडिबा टिकावाने माती मोकळी करी, मग डॉक्टर स्वतः पोटावर पालथे पडून, चाकूच्या टोकाने आणि दात घासायच्या ब्रशने एकेक हाड सोडवत. त्या वेळी मात्र शास्त्राची दृष्टी वगैरे काही नसे. तोंडाने लहान मुलाला म्हणावं तसं "ये, ये, ये" चाललेलं असे. हाड सुटलं की ते एका फळीवर ठेवायचं. फळीच्या एका टोकाला उभी पट्टी पक्की बसवलेली, दुसरी पट्टी सरकती. हाडाला दोन्ही पट्ट्या टेकल्या की लांबी कळते. जाडी मोजायला पितळी कर्कटक होता. गावाने त्याचं नाव खेकडा ठेवलं.

डॉक्टरांना जे शोधायचं होतं ते असं: इथले हे पहिले शेतकरी आणि आजचे शेतकरी यांच्या शरीरात फरक किती पडला? उंची वाढली की घटली? हाडं जाड होती की बारीक? दुसऱ्या नद्यांच्या काठांवर निघालेल्या सांगाड्यांची मापं त्यांच्यापाशी होती, ती यांच्याशी ताडून पाहायची होती. त्या काळी पुष्कळ विद्वानांना कवट्या मोजून पूर्वज थोर असल्याचं सिद्ध करायचं असे. पाटलांचीही तीच अपेक्षा होती. त्यांनी एकदा हळूच विचारलं, "लढवय्ये असतील ना?"

डॉक्टरांनी एक नडगी उचलली. तिच्या खालच्या टोकाला, घोट्याच्या सांध्यापाशी, एक लहानशी गुळगुळीत जागा होती. "ही पाहा. जन्मभर उकिडवं बसल्याची खूण. खुरपणारे होते." मग जबडा दाखवला. दाढा सपाट झिजलेल्या. "दगडावर दळलेलं, कच असलेलं अन्न खाणारे." आणि दातांवरच्या आडव्या बारीक रेघा. "लहानपणी उपास काढलेले."

पाटलांचा चेहरा उतरला. शेजारी कोंडिबा उकिडवाच बसला होता, त्याने आपला घोटा चाचपून पाहिला. डॉक्टर घडीच्या खुर्चीवर होते. तिथे जमलेल्यांत पूर्वजांपासून सगळ्यांत दूर गेलेला माणूस म्हणजे डॉक्टरच होते.

मग जिवंत माणसांची मापं घ्यायची वेळ आली, आणि गावातली तरणी पोरं एकाएकी नाहीशी झाली. कुणीतरी उठवलं होतं की ही लढाईची भरती आहे. ज्याची नडगी लांब त्याला पहिल्यांदा नेणार. जोंधळ्यात शिरलं की माणूस दिसत नाही, हंगाम त्यांच्या बाजूचा होता. उरलेल्या म्हाताऱ्यांना डॉक्टरांनी फळीशेजारी आडवं व्हायला सांगितलं. एकही तयार होईना. आडवं माप मेल्याचं असतं, जित्याचं उभ्यानं घ्यायचं. शेवटी शास्त्र उभं राहायला कबूल झालं.

बायकांची मापं माझ्याकडे. पहिली आली ती कोंडिबाची बायको ठकूबाई. नवऱ्याची भाकरी घेऊन ती रोज दरडीवर यायची. मी तिच्या गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पट्टी लावली.

"येवढं माप तर लग्नातल्या चोळीलाबी न्हवतं घेतलं, बाई."

"हलू नका हो."

"त्यो काय बगतोय आमच्या हाडात?"

"तुम्ही आणि ती दरडीतली माणसं सारखी आहात का, ते."

ठकूबाईने हाडं मांडलेल्या चादरीकडे पाहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या चादरीवर ते बारकं ठिवलंय न्हवं, ते कुनाचं हाय?"

रांजणांत लहान मुलं निघत होती. पण मुळांनी आणि मातीच्या भाराने त्यांची हाडं मोडलेली असत. एकच तान्हं मूल रांजणाबाहेर, कोसळलेल्या मातीत मिळालं होतं, जवळजवळ सबंध. मांडीचं हाड माझ्या मधल्या बोटाएवढं. त्यावर डॉक्टरांचा भारी जीव होता. तेव्हाची मुलं आजच्यासारखीच वाढत होती का, हे त्या एका हाडावरून कळणार होतं.

"आमची पयली पोरगी," ठकूबाई म्हणाली. "दात यायच्या आदीच गेली. दात न्हाई आला तर जाळत न्हाईत, बाई. पुरत्यात. ह्यांनीच न्हेली. आईनं जायाचं नसतं. मागनं इचारलं, कुटं ठिवली? तर म्हनाले, दरडीवर, बाभळीखाली. ती बाभळ गेली की वो पुरात."

मी पट्टी लावलेली तशीच राहिली.

"दर दिवाळीला पयली पनती तितं ठिवते मी. आता सायेब पेटी भरून पुण्याला न्हेनार म्हनत्यात. ती माझी असली तर? मला तेवढंच इचारून सांगा."

मी त्याच संध्याकाळी डॉक्टरांना सांगितलं. ते चिडले. "बाई, तो सांगाडा प्राचीन आहे! हाडाचा रंग पाहा, चिकटलेली राख पाहा. शास्त्राच्या दृष्टीने—"

"डॉक्टर, दरड कोसळलीय. वरचं खाली आलंय. राख कशालाही चिकटेल."

दुसऱ्या दिवसापासून मोठ्या माणसांच्या मांड्या आणि कवट्या तशाच पडून राहिल्या आणि फळीवर पुन्हा पुन्हा ते एक बोटभर हाड येऊ लागलं. रांजणातल्या मुलांच्या तुकड्यांशी त्यांनी ते ताडून पाहिलं. जुळलं. मग आजच्या मुलाचं माप हवं म्हणून ख्रिस्ती वाडीतलं एक तान्हं मूल आणवलं. डॉक्टरांनी त्याची मांडी खेकड्यात धरली, आणि मुलाने अगदी नेम धरून त्यांच्या कोटावर धार सोडली. आई ओशाळली. योहानकाका म्हणाले, "शकुन हाय सायेब, काम हुनार." तेही माप जुळलं. डॉक्टर ओला कोट तसाच अंगात ठेवून आकड्यांकडे बघत बसले. दोन मापांतला फरक शोधायला ते पुण्याहून दोन गाड्या घेऊन आले होते, आणि नेमका जिथे फरक हवा होता तिथे तो मिळत नव्हता.

पुढे अनेक वर्षांनी आमच्या नद्यांच्या काठी मोठमोठी उत्खननं झाली. पुष्कळ लिहिलं गेलं. मला मिळालं तेवढं मी वाचलं. त्यांतले तक्ते मला अजून आवडतात. एका रकान्यात मांडी, एकात नडगी, एकात दाढा. मापाला कुणी कमी लेखू नये. मापाने पाटलांच्या लढवय्यांची खुरपणारी माणसं केली, तेही एका सकाळीत, आणि आवाज न चढवता. आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकाला ते वर्षभरात जमलं नव्हतं. पण मूल कुणाचं, या प्रश्नाला तक्त्यात रकाना नसतो. आणि तसा रकाना नाही असं उघड म्हणणारा विद्वान मी आयुष्यात एकच पाहिला.

दुपारची वेळ होती. ठकूबाई भाकरी घेऊन आली, फडकं सोडलं नाही, सरळ चादरीपाशी येऊन उभी राहिली. डॉक्टर खुर्चीवरून उठले.

"बाई," ते तिला म्हणाले, "मी सगळं मोजलं. मला सांगता येत नाही."

"म्हंजी?"

"म्हणजे ही तुमची असेल, किंवा फार जुन्या कुणाची असेल. मापाने ते कळत नाही."

"मग येवढं दिस काय मोजत हुता वो तुमी?"

डॉक्टरांनी फळीवरची सरकती पट्टी शेवटपर्यंत सरकवली.

"ती न्हाई ही." मागून आवाज आला. कोंडिबा टिकावावर रेलून उभा होता. कुणाकडेच बघत नव्हता.

"तुमाला काय ठावं?" ठकूबाई म्हणाली.

"मीच पुरली न्हवं. दरडीवर गेल्तो, ठके. खड्डाबी काडला हुता बाभळीखाली. पर कोल्ही वरडाया लागली. न्हाई टाकवली माझ्यानं. पदराखाली आनल्यागत धोतरात गुंडाळून माघारी आनली. गोठ्यात हाय ती. आपल्या."

"गोठ्यात?"

"आई म्हनायची, घराजवळ पुरलं तर पाठचं जगत न्हाई. तिला कळलं असतं तर तिनं उकरून काडली असती. म्हून न्हाई सांगितलं."

"अवो, सासूबाई जाऊनबी दोन दिवाळ्या झाल्या!"

"तवर लई उशीर झाल्ता. येवढ्या उशिरा काय सांगायचं म्हून मग न्हाईच सांगितलं."

ठकूबाईने भाकरीचं गाठोडं खाली ठेवलं, कारण ते तिला फेकावंसं वाटत असावं. "दरसाल मी पनती घिऊन काट्याकुट्यातनं दरडीवर जायची, आन्‌ तुमी दारात हुबं राहून बगत हुता! 'संबाळून जा' म्हनत हुता!"

"मग काट्यात संबाळून नगं जायाला?"

मी हसले नाही. फार जड गेलं.

डॉक्टरांचं लक्ष भलतीकडेच होतं. "गोठ्यात म्हणजे," त्यांनी हळू आवाजात विचारलं, "नेमकी कुठे?"

"गव्हानीखाली," कोंडिबा म्हणाला. "तितं ऊब असती."

डॉक्टर रांजणांकडे पाहत राहिले. ते सगळे रांजण घरांच्या जमिनीखाली निघाले होते, चुलींच्या राखेजवळ. मुलांना घरातच का पुरत, याचं कारण त्यांनी मला आधीच लिहून दिलं होतं: मृतांविषयीची आदिम भीती. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडून कागद मागून घेतला, ती ओळ खोडली, आणि तिथे दुसरं काही लिहिलं नाही.

आता डॉक्टरांना हवं ते मिळालं होतं. मूल ठकूबाईचं नव्हतं, म्हणजे जुनंच होतं. त्यांनी आनंदाने पेटी भरायची. पण ठकूबाई निघता निघता वळली होती. "मग हिची आई?"

"तीही इथंच कुठंतरी असेल," डॉक्टर म्हणाले. "मला सापडली नाही."

"येवढं दिस माझी म्हनून बगितली मी हिला," ती म्हणाली, आणि गेली. कोंडिबा तिच्या मागे, चार पावलं अंतर ठेवून.

डॉक्टर मला म्हणाले, "त्या नको म्हणाल्या तर हा सांगाडा इथेच ठेवायचा." मी त्यांच्याकडे पाहिलं. "शास्त्राच्या दृष्टीने हा मूर्खपणा आहे," ते म्हणाले. "पण नको म्हणाल्या तर ठेवायचा."

पेट्या भरायला घेतल्या. कवट्यांना भुसा, मांड्यांना वर्तमानपत्र. लढाईच्या बातम्यांत एकेक नडगी गुंडाळून आत जात होती. फौजा कुठे हटल्या, कुठे शिरल्या, सगळं त्या खुरपणाऱ्यांच्या पायांभोवती. जोंधळा काढणीला आला होता, तरणी पोरं रानातून बाहेर आली होती आणि आता पेट्या उचलू लागत होती. ठकूबाई मात्र दरडीवर फिरकली नाही. कोंडिबा भाकरी स्वतःच आणायचा. "काय म्हणतात घरी?" मी विचारलं. "बोलत न्हाई माज्याशी," तो म्हणाला. "बैलं हलवाया लावली. गव्हान सारवून घेतली. पोरीशी बोलती."

गाड्या निघायच्या सकाळी चादरीवर फक्त ते मूल उरलं होतं. उघडी पेटी शेजारी. डॉक्टर खुर्ची घडी करून तिच्यावर हात ठेवून उभे होते. स्टेशनला वेळेत पोहोचायचं तर निघायला हवं होतं, ते निघत नव्हते.

ठकूबाई आली. तिच्या हातात जुन्या लुगड्याचा तुकडा होता, धुऊन धुऊन मऊ झालेला. चादरीपाशी ती उकिडवी बसली.

"पेपरात नगं," ती म्हणाली. "थंडी हाय."

"बाई, कापडात ओल धरते," डॉक्टर म्हणाले. "शास्त्राच्या—" आणि तिथेच थांबले. मग तेही खाली बसले. त्यांना ते नीट जमत नव्हतं, टाचा टेकत नव्हत्या, त्यांनी एक हात जमिनीला लावला. दुसऱ्या हाताने त्यांनी एकेक हाड तिच्याकडे द्यायला सुरुवात केली. मांडी, नडगी, दंड, फासळ्यांच्या काड्या. ती लावत गेली. शेवटी डोकं. तिने कापडाचा एक काठ खालून वर घेतला, एक उजवीकडून, एक डावीकडून, बाळंतिणीच्या खोलीत बाळ बांधतात तसा, आणि टोक खोचलं.

डॉक्टरांनी ते बोचकं दोन्ही हातांनी पेटीत ठेवलं आणि राहिलेला काठ सवयीने कवटीवर ओढून घेतला.

"तोंड झाकू नगा सायेब," ठकूबाई म्हणाली. "गुदमरंल."

डॉक्टरांनी दोन बोटांनी कापड खाली केलं.